अजगर आणि त्याचे मोठे भाऊबंद रानात कसे जगतात?

अजगर, बोआ, अ‍ॅनाकोंडा यांसारख्या मोठ्या सापांना विष नसते, पाय नसतात आणि पाठलाग करून भक्ष्य पकडण्याइतका वेगही नसतो. तरीही हरीण, रानडुक्कर किंवा माकड मारून खाणारे हे साप रानात टिकतात कसे, दिवसचे दिवस एका जागी पडून ते करतात तरी काय, आणि त्यांच्यापासून माणसाला धोका कितपत असतो, असा हा प्रश्न आहे. सापांच्या क्षेत्रकामात बरीच वर्षे गेल्यावर माझे उत्तर एका विधानाभोवती फिरते: या सापांचे सगळे जगणे कमीत कमी खर्चात बसवलेले असते. त्यांची शिकार, त्यांचे पचन, ऊन खाणे, अंडी उबवणे, इतकेच नव्हे तर त्यांचे तासन्‌तास निश्चल पडून राहणेही याच एका हिशेबातून उलगडते.

सस्तन प्राणी आणि पक्षी खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा शरीर उबदार ठेवण्यासाठी खर्च करतात. सापाला हा खर्च नसतो. तो ऊब उन्हातून, तापलेल्या खडकातून किंवा पाण्यातून घेतो. त्यामुळे बिबट्याला काही दिवसांच्या अंतराने शिकार साधावीच लागते, तर त्याच वजनाच्या अजगराचे वर्षाकाठी मोजक्या मोठ्या शिकारींवर भागते आणि प्रसंगी महिनोन्‌महिने काही न मिळाले तरी तो तग धरतो. ज्याला आपण आळस म्हणतो ती खरे तर काटकसर आहे, आणि ती ज्याने समजून घेतली त्याला पुढचे सारे सोपे जाते.

सर्वच मोठे बिनविषारी साप असे बसून जगत नाहीत, हेही येथेच सांगायला हवे. धामण दोन मीटरांहून लांब वाढते, पण तिचा स्वभाव अगदी वेगळा आहे. ती दिवसा हिंडते, उंदरांची बिळे हुंगत फिरते, बेडूक किंवा उंदीर सापडला की त्याला जबड्यात धरून, अंगाखाली दाबून, विळखा न घालताच गिळते. अशा फिरत्या सापाला वरचेवर खावे लागते. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक त्याला मीलन समजतात. ती बहुतेक वेळा दोन नरांमधली झुंज असते. पुढील विवेचन मात्र मुख्यतः विळखा घालणाऱ्या, वजनदार सापांबद्दल आहे.

हे साप दोन मोठ्या कुळांत विभागलेले आहेत. अजगर कुळातले साप आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात राहतात आणि अंडी घालतात. बोआ कुळातले साप प्रामुख्याने अमेरिकेच्या दोन्ही खंडांत आढळतात आणि बहुतेक जातींत मादी थेट पिलांना जन्म देते. सर्वांत लांब साप आग्नेय आशियातला जाळीदार अजगर, तर सर्वांत वजनदार दक्षिण अमेरिकेतला हिरवा अ‍ॅनाकोंडा. भारतीय अजगर साधारण तीन मीटरांचा असतो, त्याहून मोठेही सापडतात. लांबीच्या बाबतीत मात्र ऐकीव आकड्यांवर विश्वास ठेवू नये. न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्र संस्थेने तीस फुटांपेक्षा लांब जिवंत साप आणून देणाऱ्यास बक्षीस जाहीर केले होते. त्याची रक्कम वाढत वाढत ५०,००० डॉलरपर्यंत गेली, पण विसाव्या शतकात कोणालाही ते मिळवता आले नाही. कातडे सोलताना बरेच ताणले जाते, आणि वळणे घेऊन पडलेल्या जिवंत सापाचा अंदाज घाबरलेल्या माणसाला नेहमीच जास्त वाटतो. बहुतेक अचाट आकडे या दोन कारणांतून आलेले असतात.

याहून मोठे साप पृथ्वीवर होऊन गेले, यात शंका नाही. कोलंबियातील सेरेहोन येथील कोळशाच्या खाणीत सापडलेला टायटानोबोआ, ज्याचे वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, सुमारे १३ मीटर लांब असावा असा अंदाज आहे. तर कच्छमधील पानंध्रो लिग्नाइट खाणीतल्या मणक्यांवरून २०२४ मध्ये वर्णन केलेला वासुकी इंडिकस ११ ते १५ मीटरांचा मानला जातो. बाहेरच्या उष्णतेवर जगणाऱ्या प्राण्याला एवढे मोठे व्हायचे तर हवामान तितकेच उष्ण लागते, आणि म्हणूनच टायटानोबोआच्या आकारावरून संशोधकांनी त्या काळच्या तापमानाचाही अंदाज बांधला. आजचे मोठे साप उष्ण कटिबंधात आणि त्याच्या आसपास एकवटलेले आहेत, त्याचे कारणही हेच.

आता शिकारीकडे वळू. अजगर कोठेही पडून राहत नाही. तो जागा निवडतो. उंदीर-घुशींची रोजची वाट, पाण्यावर उतरणारी पायवाट, फळे गळणाऱ्या झाडाचा बुंधा अशा ठिकाणी येऊन तो आधी बराच वेळ जीभ आत-बाहेर करत जमीन तपासतो. दुभंगलेल्या जिभेच्या टोकांवर चिकटलेले वासाचे कण टाळूतील जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचतात आणि येथून कोण, कधी आणि कोणत्या दिशेने गेले याचा माग त्याला लागतो. मग तो वेटोळे घालतो, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मुडपून घेतो आणि डोके वाटेच्या रोखाने ठेवून थांबतो. या अवस्थेतल्या अजगराजवळ तासन्‌तास बसले तरी बरगड्यांच्या संथ हालचालीखेरीज काही दिसत नाही. पाचोळ्यात त्याचे तपकिरी ठसे इतके मिसळून जातात की एकदा नजर हलली की तो पुन्हा शोधावा लागतो. दोन-चार दिवसांत काही हाती लागले नाही तर तो जागा बदलतो.

रात्रीच्या अंधारात ही वाट पाहणे फुकट जात नाही, कारण अनेक अजगरांच्या आणि काही बोआंच्या ओठांच्या खवल्यांत उष्णता टिपणारे खळगे असतात. उंदराच्या किंवा पक्ष्याच्या अंगाची ऊब त्यांना आजूबाजूच्या गार हवेपासून वेगळी जाणवते आणि झडप अचूक बसते. अ‍ॅनाकोंडाची तऱ्हा वेगळी आहे. त्याचे डोळे व नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे सारे शरीर पाण्यात बुडवून तो काठावर येणाऱ्या कॅपिबारासारख्या (हा एक मोठा कृंतक प्राणी) प्राण्याची वाट पाहू शकतो. क्यूबातील बोआ गुहेच्या अरुंद तोंडाशी लोंबकळत राहून बाहेर पडणारी वटवाघळे हवेत पकडतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार, एकाहून अधिक साप असले तर ते वाट अडेल अशा रीतीने एकमेकांशेजारी जागा घेतात आणि त्यांना शिकारही लवकर मिळते. सापांना एकमेकांची दखलच नसते, असे ठामपणे म्हणणाऱ्यांनी या निरीक्षणांचा विचार करावा.

विळख्याबद्दल दोन समजुती घट्ट रुजलेल्या आहेत: एक, साप हाडांचा चुरा करतो, दोन, तो श्वास कोंडून मारतो. हाडे सहसा मोडत नाहीत. श्वासाबद्दलची समजूत तर पूर्वी अभ्यासकांतही होती, पण २०१५ मध्ये बोआच्या विळख्यातील बेशुद्ध केलेल्या उंदरांचा रक्तदाब मोजला गेला तेव्हा वेगळेच चित्र दिसले. विळखा पडल्यावर काही सेकंदांतच धमन्यांतला दाब कोसळतो, शिरांतला दाब वाढतो आणि हृदय रक्त पुढे ढकलू शकत नाही. मेंदूला रक्त मिळणे थांबले की प्राणी क्षणार्धात शुद्ध हरपतो. गुदमरून मरायला लागणारा वेळ त्याहून कितीतरी जास्त असतो. येथेही काटकसर आहेच, कारण आवळून धरणे हे सापासाठी फार श्रमाचे काम आहे. २०१२ च्या एका प्रयोगात मेलेल्या उंदरांत कृत्रिम हृदय बसवले होते. ते धडधडत असेपर्यंत बोआ दाब पुन्हा पुन्हा वाढवत राहिले, आणि धडधड थांबलेली असताना त्यांनी पकड लवकर सोडली. भक्ष्याच्या हृदयाचा ठोका साप आपल्या अंगाने ओळखतो आणि तेवढ्यापुरतेच बळ खर्च करतो.

गिळण्याची क्रिया शांतपणे, अंतर राखून पाहायला मिळाली तर अवश्य पाहावी. विळखा सैल झाल्यावर साप भक्ष्याच्या अंगावरून जीभ फिरवत डोके शोधतो, कारण डोक्याकडून गिळले की पाय आणि केस मागे दुमडले जातात. त्याचा जबडा निखळतो असे म्हणतात, पण तसे काही होत नाही. खालच्या जबड्याचे दोन अर्धे भाग हनुवटीपाशी हाडाने जोडलेले नसून लवचीक ऊतींनी बांधलेले असतात, त्यांच्यामधली त्वचा विलक्षण ताणली जाते आणि कवटीशी जोडणारे हाडही हलते असते. आत वळलेल्या दातांची एक बाजू भक्ष्यात रुतून राहते, दुसरी बाजू सुटून पुढे सरकते आणि पुन्हा रुतते. अशा रीतीने साप भक्ष्याला आत ओढतो म्हणण्यापेक्षा स्वतःच त्याच्यावर चढत जातो. या वेळी तोंड पूर्ण भरलेले असले तरी श्वासनलिकेचे टोक खालच्या जबड्यावरून बाहेर डोकावते आणि श्वास चालू राहतो. फ्लोरिडात २०१५ मध्ये सापडलेल्या सुमारे १४ किलोच्या एका बर्मी अजगराने त्याच्याहून जड, जवळजवळ १६ किलोचे हरणाचे पाडस गिळले होते.

खरे नवल यानंतर पोटात घडते. उपवासाच्या काळात अजगर आपले आतडे, यकृत, मूत्रपिंडे आणि हृदय अक्षरशः लहान करून ठेवतो, कारण वापरात नसलेला अवयव सांभाळण्यालाही ऊर्जा लागते. अन्न पोटात गेले की एक-दोन दिवसांत लहान आतड्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते, हृदयाचे सुमारे ४० टक्क्यांनी वाढते आणि निष्क्रिय पोटात तीव्र आम्ल पाझरू लागते. बर्मी अजगरात या काळात चयापचयाचा वेग विश्रांतीच्या वेगाच्या ४० पटींपर्यंत गेल्याची नोंद आहे. धावणाऱ्या घोड्याच्या तोडीचे हे काम साप एका जागी पडून, आणि कित्येक दिवस सलग करत असतो. हाडेसुद्धा विरघळतात; केस, नखे आणि खूर तेवढे विष्ठेतून बाहेर पडतात. काम संपले की अवयव पुन्हा आकसतात. हृदय इतक्या झपाट्याने आणि निरोगी रीतीने कसे वाढते हे समजावे म्हणून हृदयविकारांचे अभ्यासकही अजगराकडे वळले आहेत.

हे पचन उष्णतेवर चालते. गारठा पडला आणि ऊन मिळाले नाही, तर पोटातले अन्न पचण्याऐवजी सडू लागते आणि सापाला ते ओकून टाकावे लागते. म्हणून मोठ्या सापाच्या दिनक्रमात ऊन, सावली आणि आडोसा यांचे महत्त्व भक्ष्याइतकेच असते. राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात अजगर बिळांच्या तोंडाशी उन्हाला येऊन पडलेले दिसतात. यांतली अनेक बिळे साळिंदरांनी खोदलेली असतात, आणि काही वेळा साळिंदर व अजगर एकाच बिळात राहतात. अजगर स्वतः बीळ खोदू शकत नाही, त्यामुळे जेथे साळिंदर मारले जाते तेथे अजगराचे घरही जाते. वेनेझुएलातील यानोस मैदानात कोरड्या ऋतूत पाणी आटते तेव्हा अ‍ॅनाकोंडा उरलेल्या डबक्यांत गोळा होतात किंवा चिखलात शिरून पावसाची वाट पाहतात.

प्रजननाच्या वेळी मात्र हा काटकसरी प्राणी हात सैल सोडतो, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत पाहण्यासारखा भाग आहे. हिरव्या अ‍ॅनाकोंडाच्या एका मादीभोवती कधी कधी दहा-बारा नर गुंतून पडतात आणि हा गुंता काही आठवडे टिकू शकतो. नर मादीपेक्षा इतके लहान असतात की नवख्या माणसाला ती तिची पिले वाटावीत. मीलनानंतर मादी एखाद्या नराला खाऊनही टाकते, कारण पुढचे सहा-सात महिने, पिले जन्माला येईपर्यंत, ती बहुधा काहीच खात नाही.

अजगराची मादी अंडी घालून त्यांच्याभोवती वेटोळे घालते आणि सुमारे दोन महिने तेथून क्वचितच हलते. भारतीय आणि बर्मी अजगराच्या माद्या याहून पुढे जातात: हवा गार झाली की त्या अंगाचे स्नायू ठरावीक लयीत आकुंचित करतात आणि त्या कंपनातून उष्णता निर्माण करतात. पॅरिसमधील संग्रहालयात १८४१ मध्येच अंड्यांवर बसलेल्या मादीचे तापमान मोजले गेले होते आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील मोजमापांनी ही गोष्ट पक्की केली. मादी वेटोळ्यातले तापमान ३० ते ३३ अंशांच्या आसपास राखते. बाहेर जितके गार, तितके आचके जलद पडतात. जवळून पाहिले तर सारे वेटोळे उचकी लागल्यासारखे एकदम आकसते आणि सैल होते. बाहेरच्या उष्णतेवर जगणारा प्राणी अंड्यांसाठी स्वतःच्या चरबीची उष्णता करतो, हे मला आजही थक्क करते. दक्षिण आफ्रिकी अजगराची मादी आचके देत नाही. ती बिळाच्या तोंडाशी उन्हात तापते आणि ती ऊब घेऊन अंड्यांकडे परतते. या काळात तिचा रंग काळपट होतो, त्यामुळे अंग लवकर तापते. पिले बाहेर आल्यावरही ती जवळजवळ दोन आठवडे रात्री त्यांना वेटोळ्यात घेते. साप पिलांकडे पाहत नाही, हा सरसकट नियम येथे लागू पडत नाही.

एवढ्या उपासानंतर मादी हाडाला लागलेली असते आणि तिला पुन्हा अंगावर मांस धरायला वेळ लागतो. म्हणून मोठ्या माद्या बहुधा दरवर्षी अंडी घालत नाहीत. उत्तर ऑस्ट्रेलियात फॉग डॅमच्या परिसरातील पाणअजगरांवरील दीर्घ अभ्यासात हे स्पष्ट दिसले आहे. तेथे पावसाच्या प्रमाणानुसार उंदरांची संख्या वरखाली होते, आणि उंदीर कमी झालेल्या काळात फारच थोड्या माद्या प्रजनन करतात. याचा अर्थ असा, की पूर्ण वाढलेली एक मादी मारली गेली तर तिची जागा भरून यायला बरीच वर्षे जातात. पिले दोन फुटांच्या आतबाहेर असतात आणि मुंगूस, घोरपड, रानमांजर, शिकारी पक्षी यांना ती सहज सापडतात. मोठी होणारी थोडीच. वय वाढते तसा आहारही बदलतो. सुमात्रात जाळीदार अजगरांच्या पोटांची तपासणी झाली तेव्हा लहान अजगरांत मुख्यतः उंदीर, तर तीन-चार मीटरांपुढच्यांत साळिंदर, खवले मांजर, माकडे आणि रानडुकरे आढळली.

माणसाला धोका आहे का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे: जवळजवळ सर्व जातींबाबत नाही, जाळीदार अजगराबाबत क्वचित, पण खराखुरा. फिलिपीन्समधील लुझॉन बेटावर जंगलात शिकारीवर जगणाऱ्या आग्ता लोकांच्या मुलाखतींचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की तेथील प्रौढ पुरुषांपैकी २६ टक्क्यांवर कधी ना कधी अजगराने हल्ला केला होता आणि काही जण दगावलेही होते. इंडोनेशियात सुलावेसी आणि मुना बेटावर २०१७ व २०१८ मध्ये प्रौढ माणसे गिळली गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. भारतीय अजगरापासून असा धोका मानण्याचे कारण नाही. मात्र मोठ्या सापाला एकट्याने हात घालणे हा शुद्ध अविचार आहे. चावला तर जबडा ओढून सोडवू नये, कारण आत वळलेले दात मांस फाडतात आणि तुटून जखमेत राहतात. जखम स्वच्छ धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

उलट दिशेचा धोका खूप मोठा आहे. आग्नेय आशियातून अजगराची कातडी दरवर्षी लाखोंच्या संख्येने व्यापारात जातात. जेथे अजगर मुळात नव्हताच तेथे माणसाने त्याला नेले, त्याचे परिणामही गंभीर आहेत: फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशात पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेले बर्मी अजगर पसरले, आणि २०१२ च्या एका अभ्यासात तेथील रॅकूनच्या नोंदी आधीच्या तुलनेत ९९ टक्क्यांनी घटलेल्या आढळल्या.

मोठा साप पकडून दूर सोडणाऱ्यांसाठी त्याच एव्हरग्लेड्समधून एक महत्त्वाची गोष्ट कळली आहे. तेथे सहा अजगरांना रेडिओ ट्रान्समीटर बसवून २१ ते ३६ किलोमीटर दूर सोडले गेले. त्यांपैकी पाच जण महिनोन्‌महिने प्रवास करून मूळ जागेच्या पाच किलोमीटरांच्या आत परतले. सापाला आपला परिसर माहीत असतो: ऊन कोठे येते, बीळ कोठे आहे, भक्ष्याची वाट कोणती. अनोळखी ठिकाणी त्याला वाट पाहायची जागाच सापडत नाही, तो भटकत राहतो, रस्ते ओलांडतो, आणि थोड्या खर्चात जगण्याची त्याची सारी घडी विसकटते. म्हणून अजगर शेताच्या बांधावर किंवा वस्तीजवळ दिसला तर लोकांना आणि कुत्र्यांना दूर ठेवून त्याला आपण होऊन जाऊ द्यावे. हलवणे अपरिहार्यच असेल तर वनविभागाच्या प्रशिक्षित माणसांकरवी, जवळच्याच झाडीत हलवावे. पोट फुगलेला साप तर शक्यतो हलवूच नये. फ्लोरिडातल्या त्या अजगरानेही पकडल्यावर पाडस ओकून टाकले होते. रानातला साप असा डिवचला गेला तर त्याचे कित्येक आठवड्यांचे अन्न वाया जाते आणि पुढची शिकार कधी मिळेल याचा नेम नसतो.